वजा ऐंशी किलो सोयाबीन

रविकांत पर्मनंट झाला असता तर त्याच्या पदरात काय काय पडलं असतं, ते आधी बघून घेऊ. म्हणजे शेवटी काय पडलं ते मोजायला सोपं जाईल.

एक तर गळ्यात निळ्या फितीचं कार्ड आलं असतं. कंपनीत कंत्राटी माणसाची फीत करडी आणि पर्मनंट माणसाची निळी. कंपनी पुण्यात आणि रविकांत लातुरात, औसा रोडच्या मागच्या गल्लीत घरी बसून काम करणारा. घरात कार्ड घालून फिरला असता तर बायकोनं दवाखान्यात नेलं असतं, हे खरं. पण कपाटात निळी फीत असणं वेगळं आणि करडी असणं वेगळं. दुसरं म्हणजे, दर एकतीस मेला करार संपायचा आणि 'पुढं काय?' हा प्रश्न आंब्याच्या पाटीबरोबर घरात यायचा, तो यायचा थांबला असता. यंदा तर पुण्याच्या साहेबीण विशाखा मॅडम यांनी सांगूनच टाकलं होतं की कंत्राटाची भानगड आता बंद, पर्मनंट जागा एकच, ती मिळाली तर राहा, नाहीतर शुभेच्छा.

तिसरी गोष्ट रविकांत कुणाला बोलून दाखवत नसे, म्हणजे तीच सगळ्यात मोठी. त्याचे सासरे नरसिंगराव नांदेडच्या पाटबंधारे कार्यालयातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेले. बायको धम्मप्रिया जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवणारी, तीही पर्मनंट. अशा घरात सासरेबुवा पाहुण्यांना ओळख करून देताना म्हणत, "हे आमचे जावई. कॉम्प्युटरवर असतात. रोजंदारीनं." बारा जूनला नांदेडला धाकट्या मेहुणीचं लग्न होतं. त्या मांडवात दीडशे नातेवाइकांसमोर सासऱ्यांच्या तोंडून 'रोजंदारी' हा शब्द निघू नये, एवढ्यासाठी रविकांतनं काय वाट्टेल ते केलं असतं. आणि केलंच.

हे सगळं ज्याच्यावर अवलंबून होतं ते यंत्र तंबाखूच्या डबीएवढं होतं.

कंपनीचा धंदा आडत बाजारातल्या वजनकाट्यांचा. सोयाबीनचा कट्टा काट्यावर ठेवला की वजनाची नोंद होते, दहा कट्टे झाले की बेरीज निघते, असा तो प्रोग्रॅम. त्यातला बेरजेचा भाग सहा वर्षांपूर्वी रविकांतनंच लिहिलेला, लातूरच्या आडतीत वाजिदभाई तोलाईंच्या शेजारी कट्ट्यांवर बसून. वाजिदभाई माप टाकत आणि हा लिहून घेई. तेव्हापासून तो साध्या कॉम्प्युटरवर बिनतक्रार चालत होता. आता कंपनीला एक स्वस्त बोर्ड सापडला होता, थेट काट्याच्या पोटात बसेल असा. त्याची चिप आपल्या नेहमीच्या कॉम्प्युटरच्या भावकीतली नव्हे, भलत्याच कुळातली. अख्ख्या मराठवाड्यात तसला बोर्ड एकच होता, आणि तो रविकांतच्या पुढच्या खोलीत, कूलरसमोर, स्टुलावर विराजमान होता. काम एवढंच की जुना प्रोग्रॅम या बोर्डवर चढवायचा, चारशे बारा टेस्ट चालवायच्या, सगळ्या हिरव्या आल्या की सव्वीस मेला मॅडमना डेमो द्यायचा. मग निळी फीत.

चारशे नऊ टेस्ट पहिल्याच दिवशी हिरव्या आल्या. रविकांतनं त्या दिवशी घरी आम्रखंड आणलं. ही त्याची पहिली चूक.

उरलेल्या तीन टेस्ट बेरजेच्या. पन्नास किलोचे दहा कट्टे, उत्तर पाचशे. दुसरीतलं पोरही सांगेल. बोर्डनं सकाळी सांगितलं सहाशे तेरा. दुपारी सांगितलं बाराशे चौऱ्याहत्तर. संध्याकाळी सांगितलं वजा ऐंशी. रविकांत त्या आकड्याकडे बराच वेळ बघत बसला. म्हणजे शेतकऱ्यानं दहा कट्टे भरून आणले, काट्यावर चढवले, आणि उलट त्यानंच ऐंशी किलो सोयाबीन आडतीला घालायचं.

बेरजेचा भाग स्वतःच लिहिलेला असल्यामुळे त्याच्यात चूक असेल असं रविकांतच्या मनाला शिवलं नाही. हल्ली तो टेस्टर, म्हणजे इतरांच्या चुका शोधणारा; आणि टेस्टर माणूस जगाकडे संशयानं बघतो, फक्त आरशात बघत नाही. त्यानं बोर्डचं माहितीपुस्तक उघडलं. ते मूळ चिनी, कुणीतरी यंत्राकडून भाषांतर करून घेतलेलं. एक्केचाळीसाव्या पानावर लिहिलं होतं, 'स्मृतीवर भरवसा करू नये. वापराआधी धुवून घेणे.' ते त्यानं धम्मप्रियाला वाचून दाखवलं आणि दोघं पोट धरून हसली. हसण्याचे ते शेवटचे दिवस होते.

पुण्याच्या ऑफिसातल्या आदर्शला त्यानं फोन केला. आदर्शही कंत्राटी, त्याच एका जागेवर डोळा ठेवून असलेला, पण बोलायला फार गोड.

"दादा, तीन टेस्ट फेल आहेत ना? मग त्या तीन टेस्ट वगळून टाक की. उरलेल्या सगळ्या पास."

"अरे, पण बेरीज चुकतेय."

"बेरीज चुकतेय हे टेस्टमुळे कळतंय ना? मग टेस्टच नको."

या विचारसरणीचा माणूस आयुष्यात पुढे जातो, हे रविकांतला तेव्हाच ओळखू यायला हवं होतं.

बातमी गल्लीत जायला दोन दिवस लागले. लातुरात चष्मा लावून लॅपटॉपसमोर बसणारा माणूस म्हणजे क्लासवाला, अशी समजूत असल्यामुळे गल्ली त्याला 'सर' म्हणे, आणि सरांच्या क्लासचे तीन पेपर राहिले असं काहीसं गल्लीनं समजून घेतलं. पण शेजारचे बसलिंगप्पा आप्पा जाणकार निघाले. आप्पा वीज खात्यातले निवृत्त वायरमन. ते स्टुलाभोवती दोनदा फिरले, बोर्डला हात न लावता त्याची नाडी पाहिली आणि म्हणाले, "सर, आर्थिंग बघितलाव का?"

"आर्थिंगचा काय संबंध, आप्पा?"

"बघा, हितंच शिकलेला माणूस फसतो. चौतीस वर्षं खांबावर काढलीत मी. जगात बिघाड दोनच. एक लूज कनेक्शन, दुसरं आर्थिंग. बाकी सगळं माणसाच्या डोक्यातलं."

"आणि तेही नसलं तर?"

"मग दारात लिंबू-मिरची बांधायची."

"आमच्या घरात लिंबू फक्त पोह्यावर पिळतात, आप्पा," आतून धम्मप्रियाचा आवाज आला. त्यामुळे आर्थिंगच ठरलं.

आर्थिंग म्हणजे अंगणात चार फूट खड्डा, त्यात लोखंडी नळी, भोवती कोळसा आणि मीठ. खड्डा आप्पांनी स्वतः उभं राहून खणवला, म्हणजे आप्पा उभे राहिले आणि रविकांतनं खणला. दहा किलो मीठ आणताना किराणेवाल्यानं, "लोणचं घालायलाव का सर?" असं विचारलं, तेही त्यानं सोसलं. तो वार गुरुवार होता. आठ दिवसांनी एकदा नळाला पाणी यायचा वार, हे रविकांतला ठाऊक होतं. नळाची पाइपलाइन त्याच्याच अंगणातून पुढे गेलेली, हे आप्पांना ठाऊक होतं. दोघांनी आपापली माहिती आपापल्याजवळ ठेवली. साडेदहाला पाणी आलं आणि दहा पस्तीसला पहार पाइपातून आरपार गेली.

पुढची वीस मिनिटं वर्णन करण्यासारखी नाहीत. गल्लीतली अठरा घरं घागरी, बादल्या, कळशा घेऊन खड्ड्याभोवती जमली. पाणी भरपूर होतं, पण काठावर ठेवलेलं दहा किलो मीठ त्यात उतरलं होतं. एका बाईनं ओंजळभर तोंडात घेतलं आणि थुंकून सगळ्यांच्या देखत विचारलं, "काय हो सर, क्लास चालंना म्हणून समुद्र काढायलाव का?" गल्लीला आठ दिवस टँकर बघावा लागला, आणि रविकांतला दूध आणायला मागच्या बोळानं जावं लागलं. खड्डा बुजवल्यावर आर्थिंग जोडून टेस्ट चालवली. दहा कट्ट्यांची बेरीज एकवीसशे आली.

"बघा," आप्पा म्हणाले, "प्रेशर तर वाढलं."

अशा नाजूक वेळी नरसिंगराव आले. निमित्त लातुरात मोतीबिंदू दाखवायचं; खरं कारण, लेकीनं फोनवर खड्ड्याची हकीकत सांगितली होती आणि ती प्रत्यक्ष पाहण्यात त्यांना रस होता. आल्या आल्या त्यांनी अंगणातली ओली माती बघितली, स्टुलावरचा बोर्ड बघितला, बोर्डवर रविकांतनं चिकटवलेला कागदही वाचला. 'हात लावू नये. पिन काढू नये.' कंपनीचा तसा हुकूम होता. वारंवार वीज तोडली तर बोर्ड जळू शकतो, आणि दुसरा यायला तीन महिने लागतात. म्हणून रविकांतही तो बाजूच्या बारक्या बटणानंच बंद-चालू करी.

"सही न्हाई कागदावर," नरसिंगराव म्हणाले. "बिगर सहीचा आदेश लागू होत न्हाई, जावई."

रविकांतनं मुकाट्यानं सही केली.

उन्हामुळे सासरेबुवांनी कूलरसमोरची खुर्ची धरली, म्हणजे स्टुलाशेजारची. पायावर पाय टाकून दिवसभर मोबाइल. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या गटावर पेन्शनची भाषणं यायची, ती मोठ्या आवाजात ऐकायची. आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता चमत्कार झाला. रविकांत आतल्या खोलीतून कॉल संपवून आला, टेस्ट चालवली आणि चारशे बाराच्या चारशे बारा हिरव्या. दहा कट्टे, पाचशे किलो. त्याला रडू आलं. दुपारी सासरेबुवा दवाखान्यात गेले असताना पुन्हा चालवली. वजा ऐंशी.

टेस्टर माणसाला नोंदी ठेवायची सवय असते. रविकांतनं वही घातली. तारीख, वेळ, खोलीतलं तापमान, कूलर चालू की बंद, आणि चार दिवसांनी, बराच विचार करून, आणखी एक रकाना आखला: 'मामा'. त्यात 'आहेत' किंवा 'नाहीत' लिहायचं. आठवडाभरात चित्र असं झालं की एकोणीस वेळा टेस्ट पास झाल्या, आणि एकोणीसही वेळा मामा खुर्चीत. मामा विहारात गेले, लाल. मामा आत वामकुक्षीला, लाल. मामा खुर्चीत, हिरवं.

धम्मप्रियानं वही बघितली. "हा रकाना कसला?"

"निरीक्षण आहे."

"वर्गात एखाद्या पोरानं प्रयोगवहीत असं लिहिलं असतं ना, तर त्याच्या बापाला शाळेत बोलावलं असतं मी."

"इथं बापालाच आणून बसवलंय," रविकांत म्हणाला. पण हे मनातल्या मनात.

आता कुणीही विचारेल, की मामांनाच का नाही विचारलं, तुम्ही इथं बसून नेमकं करता काय? पण असं विचारायचं म्हणजे जावयानं सासऱ्याला 'तुम्ही दिवसभर काय करता' असं विचारण्यासारखं झालं. नांदेड जिल्ह्यात आजवर कुठल्या जावयानं ते विचारलेलं नाही, आणि विचारलं असेल तर त्याचं पुढं काय झालं ते कळलेलं नाही. त्यापेक्षा रविकांतनं वेगळा मार्ग धरला. मामांना हलू द्यायचं नाही.

"मामा, सव्वीस तारखेपर्यंत थांबा की."

"चोवीसला आमच्या संघटनेची बैठक हाय नांदेडात."

"मामा, तुम्ही शेजारी असलात की मशीन नीट चालतं."

हे वाक्य बाहेर पडताच रविकांतला कळलं की आपण काय देऊन बसलो. नरसिंगरावांनी मोबाइल खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"आम्ही पर्मनंट होतो, जावई," ते सावकाश म्हणाले. "मशीनला बी माणूस कळतो."

संध्याकाळपर्यंत हे गल्लीभर झालं. आप्पा येऊन नरसिंगरावांच्या समोर बसले आणि म्हणाले, "आर्थिंगच ते. तुमच्या अंगातून जायलंय." नरसिंगरावांनी ते मान्य केलं. त्यानंतर घरात मटण आठवड्यातून दोनदा व्हायला लागलं, पंखा त्यांच्या बाजूला वळला, आणि टेस्टच्या वेळी "जावई, बसू का?" असा सरकारी प्रश्न यायला लागला, रविकांतनं "बसा, मामा" म्हणायचं, मग ते बसायचे.

एवढ्यावर भागलं असतं. पण अहवालात 'टेस्टच्या वेळची परिस्थिती' असा एक कॉलम असतो, आणि रविकांत कॉलम मोकळा सोडणाऱ्यातला नव्हता. त्यानं लिहिलं, 'घरातील ज्येष्ठ सदस्य बोर्डशेजारी उपस्थित.' तिसऱ्या दिवशी कंपनीकडून पत्र. बाहेरच्या व्यक्तीच्या उपस्थितीत काम होत असल्यास तिच्याकडून गोपनीयतेचं हमीपत्र भरून घ्यावं. चार पानं, प्रत्येक पानावर सही. रविकांतनं ते भीत भीत पुढे केलं. नरसिंगरावांचा चेहरा असा उजळला, की निवृत्तीनंतर सहा वर्षांत तो तसा कुणी पाहिला नव्हता. त्यांनी चारही पानं दोनदा वाचली, शुद्धलेखनाच्या सात चुकांवर गोल केले, ऐटदार सह्या ठोकल्या आणि विचारलं, "आवक-जावक नंबर कुठाय? असल्या कागदाला कोण विचारतो, जावई? उद्या गहाळ झाला तर?"

विशाखा मॅडमचा फोन आला. "रविकांत, हे ज्येष्ठ सदस्य काय प्रकरण आहे?"

"मॅडम, ते... अनुभवी आहेत."

"कशातले?"

"पाटबंधाऱ्यातले."

"सव्वीसला बघू," मॅडम म्हणाल्या.

सव्वीस मे उजाडला. नरसिंगराव इस्त्रीचा सदरा घालून साडेनऊलाच खुर्चीत. आप्पा दारात उभे. डेमोच्या मध्येच बाबांचा फोन किणकिणायला नको, तो मध्येच बंद पडून त्यांची चुळबुळही नको, म्हणून धम्मप्रियानं तो सकाळीच स्वयंपाकघरात पुरता चार्ज करून, आवाज बंद करून त्यांच्या खिशात ठेवला. एवढा विचार करणारी बायको मिळायला भाग्य लागतं. रविकांतला ते लागलं होतं.

दहा वाजता पडद्यावर मॅडम आल्या, आणखी तीन मोठे साहेब आले, कोपऱ्यात हसऱ्या चेहऱ्याचा आदर्श आला.

"जावई, बसू का?"

"बसलाच आहात, मामा."

रविकांतनं टेस्ट चालवली. पहिली लाल. दुसरी लाल. तिसरी लाल. दहा कट्टे सोयाबीन, वजा ऐंशी किलो. मॅडम आणि तिन्ही साहेब पडद्यावर वाकून बघायला लागले. रविकांतनं बटणानं बंद-चालू केलं, मामांना खुर्ची बोर्डच्या आणखी जवळ घ्यायची विनंती केली, मामांनी घेतली. इतकी, की पडद्यावर पुण्याला फक्त त्यांचं कोपर दिसायला लागलं. वजा ऐंशी. दारातून आप्पा हळूच म्हणाले, "हात ठेवा, साहेब, हात." नरसिंगरावांनी आशीर्वाद दिल्यासारखा बोर्डवर हात ठेवला. वजा ऐंशी.

"ही शेतकऱ्याकडून वसुली आहे का?" एका साहेबांनी विचारलं. आदर्श खोकला.

"तीन दिवस देते," विशाखा मॅडम म्हणाल्या. "एकोणतीसला मला कारण हवं. आणि रविकांत, कारणात माणूस नको."

पडदा बंद झाला. आप्पा मांजराच्या पावलांनी निघून गेले. नरसिंगराव खुर्चीतून उठेनात. अंगातली इस्त्री गेल्यासारखे बसले होते. शेवटी म्हणाले, "जावई, एक सांगू का? रागावणार न्हाई ना?"

"नाही, मामा."

"मी पिन काढत होतो."

रविकांतला आधी कळलंच नाही.

"माझा मोबाइल म्हातारा झालाय. तासभर टिकत न्हाई. हितं खुर्चीजवळ प्लग एकच. तुम्ही आत गेलाव की डबीची पिन काढायचो अन् माझी लावायचो. तुमची पावलं वाजली की परत डबीची. रोज चार-पाच बारी. आज पोरीनं चार्ज करून दिला..."

"मग बोलला का नाही, मामा?"

"कागद लावला होता ना तुम्ही. त्यावर सही बी मीच करून घेतली." नरसिंगराव खाली बघत म्हणाले. "अन् तुम्ही तरी कुठं विचारलं?"

हे खरं होतं. दोन आठवडे दोघांनी एकमेकांचा इतका मान राखला होता की कुणाच्या तोंडून साधा प्रश्न निघाला नव्हता.

रविकांत उठला. पिन काढली. चहा प्याला. पिन लावली. टेस्ट चालवली. सगळं हिरवं. लगेच पुन्हा चालवली. लाल. म्हणजे वीज तोडली की बोर्ड सगळं विसरतो, कोरा होतो; बटण दाबलं तर नुसता झोपतो, आणि जुना केरकचरा तसाच उराशी धरून उठतो. नेहमीचे कॉम्प्युटर एकाची जागा दुसऱ्याला देताना झाडून देतात. या कुळात तो रिवाज नाही; लॉज सोडून गेलेल्याची चादर पुढच्याला. स्मृतीवर भरवसा करू नये, वापराआधी धुवून घेणे. एक्केचाळीसावं पान. त्यावर ती दोघं पोट धरून हसली होती.

आता प्रश्न एवढाच, की न धुतलेली जागा वापरली कुणी? स्वतःची सहा वर्षांपूर्वीची बेरीज रविकांतनं पहिल्यांदा परक्याची म्हणून वाचली. दहाव्या मिनिटाला ती जागा सापडली, आणि त्याला वाजिदभाई आठवले.

धान्याचं माप टाकताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, हा रिवाज. आडतीतले काही तोलाई 'लाभ' म्हणून सुरू करत. वाजिदभाई 'बरकत' म्हणत. मग दोन, तीन, चार. प्रोग्रॅममध्ये त्या शुभ शब्दासाठी सगळ्यांच्या आधी एक स्वतंत्र घर ठेवावं, म्हणजे पडद्यावर तो आधी दिसेल, असं ठरलं. पण लिहायचं काय? लाभ की बरकत? दोन्ही बाजूंचे लोक त्या दिवशी रविकांतकडे बघत होते. त्यानं विचार केला, आपण कशाला कुणाचं मन मोडा. आणि ते घर कोरं ठेवून दिलं. कोरं म्हणजे अगदी कोरं. त्यात त्यानं शून्यसुद्धा ठेवलं नाही. बेरीज मात्र त्या घरापासूनच सुरू होत होती. सहा वर्षं साध्या कॉम्प्युटरांनी ते घर आपणहून झाडून दिलं, त्यामुळे कुठे एका किलोचाही फरक पडला नाही. या परक्या कुळातल्या बोर्डनं मात्र त्यात जे पडलेलं होतं ते प्रामाणिकपणे मोजलं.

त्यानं वाजिदभाईंना फोन लावला. सगळं समजावून सांगितलं. वाजिदभाईंनी शांतपणे ऐकलं.

"रिकामं ठेवलं ते बरं केलं, भाऊ," ते म्हणाले. "पण झाकून ठेवायचं ना. उघड्या भांड्यात काय पण पडतं."

चारशे बारा टेस्ट, छपन्न पानांचं माहितीपुस्तक, एक खड्डा आणि एवढं मटण यांना जे जमलं नाही, ते या माणसानं एका वाक्यात सांगितलं होतं. रविकांतनं त्या घरात शून्य ठेवलं. एक अक्षर. पिन काढली नाही, मामा बसले नाहीत, कूलर बंद होता. वीस वेळा चालवलं, वीसही वेळा हिरवं.

आता अहवाल. नरसिंगराव शेजारी येऊन बसले. "जावई, लिहा की बोर्ड बदमाश होता, आम्ही सुधारला. छत्तीस वर्षं कागद रंगवलेत मी. कागदावर बोर्डला बोलता येत न्हाई."

"चूक माझी आहे, मामा."

"तेच म्हणून राहिलो. तुम्हाला बोलता येतं, म्हणून तर गप्प बसायचं."

पण रविकांत कॉलम मोकळा सोडणाऱ्यातला नव्हता, हे वर आलंच आहे. आयुष्यात एकदाच एक घर मोकळं सोडलं आणि त्याचं हे झालं होतं. त्यानं लिहिलं, 'दोष शोधणारा: रविकांत. दोष करणारा: रविकांत.' आणि सविस्तर कारण.

विशाखा मॅडमनी तासाभरात फोन केला. "फार छान शोधलंस. इतकं स्वच्छ कारण मी वर्षात वाचलं नाही." रविकांतनं आत जाऊन आरशासमोर गळ्याभोवती बोट फिरवून बघितलं.

तीस तारखेला कार्मिक विभागाचं पत्र आलं. पर्मनंटच्या अर्जात नववा कॉलम होता: 'गेल्या बारा महिन्यांत नावावर नोंदलेले मूळ दोष.' तिथं शून्य लागतं. रविकांतच्या नावावर एक. दोष सहा वर्षांपूर्वीचा असला तरी नोंद कालची, आणि नियम नोंदीची तारीख धरतो. शोधणाऱ्याला गुण मिळतात हे खरं, पण शोधणारा आणि करणारा एकच असल्यास संगणकप्रणाली एकच नाव घेते, आणि ती करणाऱ्याचं घेते. मॅडमना वाईट वाटलं. तसं त्यांनी लेखी कळवलं. जागा आदर्शला मिळाली. त्याच्या नावावर एकही दोष नव्हता, कारण सहा वर्षांत त्यानं एकही ओळ लिहिली नव्हती. रविकांतला बोर्डचं उरलेलं काम उरकण्यासाठी तीन महिन्यांची मुदतवाढ. फीत करडी.

एकतीस मेला रविकांत सासऱ्यांना नांदेडच्या गाडीत बसवायला बसस्टँडवर गेला. दोघं बाकावर बसले. नरसिंगरावांनी पिशवी मांडीवर घेतली.

"जावई, मी बी पहिली अकरा वर्षं रोजंदारीवर होतो," ते अचानक म्हणाले. "धरणाच्या कामावर. लग्न ठरताना सांगितलं पर्मनंट हाय. तुमच्या सासूला अजून ठावं न्हाई."

प्रश्न विचारायची सवय दोघांनाही नव्हती.

"बारा तारखेला मांडवात मी सांगणार, जावई पर्मनंट झाला म्हणून. तुम्ही नुसतं गप्प बसायचं." गाडी लागली. ते उठले, रुमालात गुंडाळलेला चार्जर पिशवीत नीट ठेवला आणि पायरीवरून वळून म्हणाले, "तेवढं तरी कॉलम भरायला जाऊ नका."

तर या सगळ्यात कुणाचं काय गेलं? गल्लीचं आठ दिवसांचं पाणी गेलं. आप्पांचा शब्द गेला, तरी आर्थिंगवरचा विश्वास गेला नाही. नरसिंगरावांच्या अंगातला गुण गेला, वर छत्तीस वर्षं स्वच्छ ठेवलेली जीभ एका लग्नापुरती खोटं बोलायला राजी झाली, आणि जुनं एक खोटं बाहेर पडलं ते वेगळंच. कंपनीचं काहीच गेलं नाही. तिला प्रोग्रॅम दुरुस्त होऊन मिळाला. आणि रविकांतला? त्याला एक शून्य मिळालं. ते त्यानं स्वतःच्या हातानं नीट जागेवर ठेवलंय, पहिल्याच घरात, झाकण घालून. आता त्यात दुसरं काही पडायची भीती नाही.